दोन मेंटेनन्स

दर महिन्याच्या ५ तारखेला माझ्या मोबाइलवर दोन मेसेज येतात आणि दोन्हींत ‘मेंटेनन्स’ हाच शब्द असतो. एक पैसे आल्याचा, एक गेल्याचा. आलेले ६,००० रुपये लेकीच्या बाबाचे, गेलेले ३,१०० सोसायटीचे. आमचा घटस्फोट २०१७ साली परस्परसंमतीनं झाला, तेव्हा लेक चार वर्षांची होती. आता ती बारा वर्षांची आहे आणि सातवीत गेली आहे. सोसायटीचा मेंटेनन्स तेव्हा १,८०० होता. लेकीचा तेव्हाही ६,००० होता.

हे दोन आकडे मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. ते मावशीनं ठेवले, जूनमधल्या एका शनिवारी, गवार मोडता मोडता.

मावशीबद्दल दोन वाक्यं सांगायला हवीत. ती शिवाजीनगरच्या कोर्टात २९ वर्षं कारकून होती. त्याआधी त्याच आवारात ती पक्षकार होती.

“वाढवून माग,” ती म्हणाली. मान वर केली नाही.

“नको. चाललंय ते बरं चाललंय.”

“कुणाचं?”

“सगळ्यांचंच. ९६ हप्ते झाले, मावशी. एकही चुकला नाही. कोविडमध्ये त्याचा पगार कापला होता, तेव्हासुद्धा पाच तारीख म्हणजे पाच तारीख. माझ्या ऑफिसात एकीला तीन वर्षांत दमडी मिळालेली नाही.”

“तू घराचा हप्ता वेळेवर भरतेस ना? बँकेनं कधी नारळ-शाल दिली?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? सोसायटीनं १,८०० चे ३,१०० केले, तेव्हा चेअरमनला संकोच वाटला? सभेत ठराव मांडला, चहा-बिस्किटं झाली, वाढ झाली. लिफ्टला तेल लागतं हे सगळ्यांना पटतं.”

मी गप्प बसले. खरं तर हा विषय मीच काढला होता, तोही दातांवरून. लेकीच्या दातांना तारा लावायच्या आहेत. डॉक्टरांनी ४८,००० खर्च आणि दीड वर्ष सांगितलं. मी तिच्या बाबाला कळवलं, तर म्हणाला, “अप्रेझल होऊ दे, मग बघू.” मी तारा हप्त्यावर बसवल्या. मावशीला हे सांगताना माझा सूर तक्रारीचा नव्हता, असं मला वाटत होतं.

“शिवाय मी सही केलीये,” मी म्हणाले आणि कपाटातून कागद काढला. कन्सेंट टर्म्स, पान तीन. मुलीच्या संगोपनासाठी दरमहा रु. ६,०००/- फक्त. त्याच्याच खाली : अर्जदार क्र. २ यापुढे कोणत्याही कारणास्तव वाढीव रक्कम मागणार नाही. अर्जदार क्र. २ म्हणजे मी.

मावशीनं हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. “वकिलानं घातलेलं वाक्य आहे. सगळीकडे हेच असतं. वर्षाला इतके टक्के वाढ, ही एक ओळ मात्र घालायची राहिली.”

“मला तेव्हा फक्त बाहेर पडायचं होतं.”

“कळतंय मला. पण सही कुणाच्या वतीनं केलीस?”

“माझ्या.”

“आणि पैसे?”

“लेकीचे.”

“मग झालं तर. तुझी पोटगी तू सोडलीस, सोड बापडी. पोरीचं तुझं नव्हतंच, ते तू काय सोडणार?”

ही मावशीची तऱ्हा असली तरी कायदाही तेच म्हणतो. आईबापांनी आपसांत काहीही लिहून घेतलं तरी त्यानं मुलाचा पालनपोषणाचा हक्क संपत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबद्दलचा हुकूम नंतरही बदलून घेता येतो. फौजदारीकडची वाटही आहे. आता जुन्या फौजदारी संहितेतल्या कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, आणि रक्कम बदलण्यासाठीच्या १२७ च्या जागी १४६. हे आकडे १ जुलै २०२४ ला बदलले. मावशी अजूनही ‘एकशेपंचवीस टाकली’ असंच म्हणते आणि शेवटपर्यंत म्हणेल.

“बरं, हक्क आहे,” मी म्हणाले. “पण असला म्हणून बजावायलाच हवा का? मी ५४,००० घरी आणते. आम्ही उपाशी नाही. मग कशाला हात पसरायचा?”

“हात पसरायचा!” मावशीनं गवारीचं ताट बाजूला सरकवलं. “खर्च किती येतो तिचा? आकडा सांग.”

मला आकडा सांगता आला नाही. आठ वर्षं मी ही मुलगी वाढवतेय, तिच्या बुटांचा नंबर झोपेतही सांगेन. पण तिला महिन्याला किती लागतात, हे मी कधी मांडलंच नव्हतं. मांडलं असतं तर राग आला असता, म्हणून मांडलं नसेल.

पावत्या साडीच्या एका खोक्यात होत्या. विजेच्या बिलाच्या पाठीवर मावशीनं रकाना आखला. शाळेची फी वर्षाला ८४,०००, म्हणजे महिन्याला ७,०००. व्हॅन १,८००. गणित-विज्ञानाचा क्लास २,५००. कथक १,२००. वह्या, पुस्तकं, गणवेश, सहल असं सगळं वर्षभराचं बाराने भागून १,०००. डॉक्टर, औषधं ८००, त्यात तारा नाहीत. कपडे, बूट, मैत्रिणींचे वाढदिवस १,२००. बेरीज १५,५००.

“दूध, फळं, भाजी, गॅस?”

“ते काय मोजायचं? घरात एक माणूस जास्त म्हणून काय—”

“मोजायचं. बायका नेमकं तेच मोजत नाहीत. ४,५०० धर.”

झाले २०,०००.

“कथक काढ त्यातून,” मी म्हणाले. “तो म्हणेल, मला न विचारता लावलंस.”

“नाही काढणार.” ती ताठ बसली. “रजनेश विरुद्ध नेहा वाच. नागपूरच्या फॅमिली कोर्टातून निघालेलं प्रकरण, थेट सुप्रीम कोर्टात गेलं. नोव्हेंबर २०२० चा निकाल. मुलाच्या खर्चात जेवण, कपडे, घर, औषधपाणी, शिक्षण, एवढंच नाही तर जादा क्लासही धरायचे, असं लिहिलंय. फक्त वाजवी हवेत, चैन नको. बाराशे रुपयांचं कथक ही चैन आहे का?”

निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी ती निकाल वाचते. माझ्या आईला मालिका, हिला निकाल.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या बाजूची होती, म्हणून मीच काढली. दोघांनीही आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर मांडायची. “म्हणजे माझंही सगळं उघड होणार. पगार, एसआयपी, आईनं दिलेलं सोनं. आणि तो म्हणणार, ही कमावती आहे की.”

“म्हणू दे. कमावत्या आईचं काय करायचं हे २००० सालीच ठरलंय. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा. तिथे दोघंही कमावणारे होते आणि बापाचा पगार आईच्या दुप्पट होता. कोर्टानं प्रत्येक मुलाला महिना ३,००० धरले आणि दोघांत दोनास एक असे वाटले. तुझी कमाई आहे म्हणून त्याचा वाटा पुसला जात नाही, तुझा त्यात मिळवला जातो.”

मी मनात भागाकार केला. वीस हजारांचे तीन भाग. त्याचे १३,३३३, माझे ६,६६७. अर्थात त्याचा आजचा पगार मला माहीत नाही. २०१७ मध्ये तो माझ्या दुपटीच्या थोडा वर होता.

“पंचवीस टक्क्यांचा नियम आहे ना पण?” मी विचारलं. हे सगळेच म्हणतात.

“तो नियम नाही गं, एका निकालातलं वाक्य आहे. २०१७ चं, कल्याण डे चौधरी. निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी रास्त, असं त्यात म्हटलं, ते लोकांनी उचललं. आपल्याकडे मुलाच्या खर्चाचं कोष्टक नाही. प्रत्येक वेळी नव्यानं मांडायचं.”

त्या निकालातली दुसरी अर्धी बाजू मावशीनं सांगितली नाही, ती मी नंतर वाचली. हायकोर्टानं १६,००० चे २३,००० केले होते, ते सुप्रीम कोर्टानं २०,००० वर आणले, कारण नवऱ्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि त्याच्यावर नव्या संसाराची जबाबदारी होती. लेकीच्या बाबाचंही दुसरं लग्न झालंय. त्याला दोन वर्षांचा मुलगा आहे. माझी लेक त्याला ‘छोटू’ म्हणते आणि दुसऱ्या-चौथ्या रविवारी त्याच्यासाठी इकडून चित्रं काढून नेते. पैसे वाढवून मागायचे म्हणजे कुठल्या तरी अर्थानं छोटूच्या ताटातले मागायचे, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्याला आता दोन मुलं आहेत, हे बरोबर. पण दोघांतली पहिली कोण?”

हे तिनं फार पटकन म्हटलं. मला ते तितकंसं पटलं नाही. दोन वर्षांच्या पोराला पहिला-दुसरा काय कळतं?

पण माझा खरा मुद्दा हा नव्हताच. तो सांगायला मला तासभर लागला, तोवर गवार फोडणीला पडली होती.

“मावशी, तो न मागता देतो. लॉकडाऊनमध्ये टॅब आणला. सायकल आणली. गेल्या मे महिन्यात क्लासची वर्षाची निम्मी फी भरली, मी सांगितलंही नव्हतं. कागदावर आकडा वाढवून घेतला तर हे थांबेल. तो म्हणेल, आता देतोय ना हुकमाप्रमाणे, मग आणखी काय? आणि लेकीला बाबाकडून सायकल मिळण्यात जे आहे, ते एनईएफटीत नाही.”

मावशी बराच वेळ कढईकडे बघत राहिली. झाकण ठेवलं, परत काढलं.

“मलाही असंच वाटायचं,” ती म्हणाली.

तिची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांत माहीत होती. १९८५ मध्ये तिला महिना १५० आणि माझ्या मावसभावाला ७५ रुपये पोटगी लागली. त्या काळी १२५ व्या कलमातच ५०० रुपयांची कमाल मर्यादा घातलेली होती. ती २००१ मध्ये उठली. मनीऑर्डर वाड्याच्या चौकात यायची, सही करताना बिऱ्हाडकरूंच्या खिडक्या उघड्या असायच्या. १९८८ साली संगमनेरला परित्यक्ता बायकांची परिषद झाली, त्याची बातमी तिनं कापून ठेवली होती. तोवर तिला वाटायचं, आपल्यासारखी आपणच.

“१९९१ ला मी वाढीचा अर्ज केला,” मावशी सांगू लागली. “पोरगा अकरा वर्षांचा, पंचाहत्तर रुपयांत काय होतं? चौदा तारखा पडल्या. मी तिथेच नोकरीला, त्यामुळे रजा तरी वाचल्या, पण माझ्याच टेबलासमोरून माझीच फाईल जायची. ७५ चे १७५ झाले. त्याआधी दर दिवाळीत तो फटाके घेऊन यायचा. त्या दिवाळीला आला नाही. मग कधीच आला नाही.”

“आणि तरी तू मला सांगतेस, माग?”

“शंभर रुपये महिना, वर्षाचे बाराशे. त्यात त्याच्या वह्या-पुस्तकांपासून गणवेशापर्यंत सगळं झालं. फटाके मी आणले.”

“फटाके आणलेस गं, पण—”

“पण काय ते मला ठाऊक आहे.” ती चिडली. मग शांत झाली. “एक मात्र चुकलं. नोटीस मी त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर काढायला लावली. भर हजेरीच्या वेळी बेलीफनं दिली. त्याचा साहेब होता, शिपाई होते. मला घरचा पत्ता माहीत नव्हता असं नाही. आधी एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं. पंधरा पैशांचं.”

माझा मावसभाऊ आज ४५ वर्षांचा आहे. तो दिवाळीत फटाके आणत नाही. विचारलं तर प्रदूषणाचं कारण सांगतो, आणि ते कारण खोटं नाही.

मावशीची गोष्ट नेमकी कुणाच्या बाजूची, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही. ती तिची स्वतःची साक्ष मानते. मला ती माझीही वाटते. एवढं मात्र झालं की ‘मागायचं की नाही’ हा प्रश्न कधी मागे पडला आणि ‘कसं मागायचं’वर आम्ही कधी आलो, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही. जेवताना आम्ही मजकुरावर भांडत होतो.

“तो न मागता देतो ते छान आहे,” मावशी म्हणाली. “पण ते त्याच्या मर्जीवर. टॅब त्याला द्यावासा वाटला, दिला. दाताच्या तारा द्याव्याशा वाटल्या नाहीत. मर्जीतलं मर्जीतच राहू दे, त्याला हात लावू नकोस. आपण फीचं बोलतोय.”

“कोर्टात जाणार नाही मी.”

“कुणी म्हटलं जा? फॅमिली कोर्टात वकील लावायचीही सक्ती नाही, स्वतः उभं राहता येतं, समुपदेशक असतात. पण ते नंतर. आधी तुझं पोस्टकार्ड. दोघांचं जमलं तर नव्या अटी लिहून एकदा कोर्टात नोंदवून घ्या, म्हणजे तोही निर्धास्त, तूही. आणि वाढीची ओळ विसरू नकोस. वर्षाला पाच टक्के धरले असते तर तुझ्या ६,००० चे आज ८,८६५ झाले असते, काही न मागता. दरवर्षी तोंड उघडायची पाळीच येऊ नये.”

हे मला सगळ्यांत जास्त पटलं. मागण्यातला निम्मा त्रास पुन्हा मागावं लागण्याचा असतो.

आकड्यावर मात्र जमेना. मी ११,००० म्हटलं.

“तेरा हजार तीनशे तेहतीस,” मावशी म्हणाली.

“अकरा. त्याचंही घरकर्ज आहे. छोटू आहे.”

“पोरीचे २,३३३ तू कुठल्या खात्यातून सोडलेस?”

“शांततेच्या.”

“महाग पडतेय तुझी शांतता,” असं म्हणून तिनं ताक वाढलं.

त्यानं नवीन गाडी घेतल्याचं मेसेजमध्ये लिहावं, असं तिचं मत होतं. मी नाही म्हटलं. मुलीला काय लागतं ते लिहायचं, त्याच्याकडे काय आहे ते नाही. उत्तर न आल्यास पुढची पायरी काय, हेही तिला घालायचं होतं. तेही मी काढलं. त्या बदल्यात खर्चाच्या यादीचा फोटो जोडायचं मी कबूल केलं, विजेच्या बिलाच्या पाठीवरचाच, तिच्या अक्षरातला, कथकसकट.

शेवटी मजकूर झाला तो असा :

“नमस्कार. लेकीचा महिन्याचा खर्च मांडला, तो सोबत आहे. एकूण २०,००० च्या आसपास जातो. २०१७ ला ६,००० ठरले, तेव्हा ती बालवाडीत होती. जुलैपासून ११,००० करता येतील का? आणि दरवर्षी ५ टक्के वाढ लिहून ठेवू. मोठा वैद्यकीय खर्च पावती बघून निम्मा-निम्मा. भेटून बोलायचं असेल तर शनिवारी जमेल. हे लेकीला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ती नेहमीसारखी रविवारी येईल.”

शेवटचं वाक्य माझं. भेट आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीसाठी दुसरी अडवायची नाही, हे मावशीनं कोर्टात हजार वेळा ऐकलंय. पण ते लिहिताना मला तिचे फटाके आठवत होते.

मेसेज लगेच पाठवला नाही. दुसरा दिवस चौथा रविवार होता, लेक त्याच्याकडे असणार होती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पाठवला. त्यानं चार मिनिटांत वाचला. रात्री नऊला उत्तर आलं : “बघतो.”

मावशीच्या अनुभवानं ‘बघतो’ला ३० दिवस द्यायचे असतात, जास्त नाही. कारण पुढे अर्ज करावा लागलाच, तर रजनेशच्या निकालाप्रमाणे रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात. मागची आठ वर्षं त्यात येत नाहीत.

३० पैकी आज निम्मे दिवस झाले. मधल्या ५ तारखेला दोन्ही मेसेज आले. एक ६,००० आल्याचा, एक ३,१०० गेल्याचा.